पुढच्या चाकाजवळची कटकट: स्टॅबिलायझर लिंक ओळखणे, बदलणे आणि जपणे

पावसाळा संपता संपता माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूने एक आवाज येऊ लागला. तो मोठा नव्हता. खिळ्यांच्या डब्यात दोन खिळे सुटे राहावेत तशी बारीक कटकट होती. महामार्गावर तो ऐकूही येत नसे, पण कोल्हापुरात फुलेवाडीच्या पुढे गगनबावडा रस्त्याला लागून वेग कमी केला आणि डांबर उखडलेल्या पट्ट्यावर चाक गेले की तो हटकून सुरू होई. एका गॅरेजमध्ये दाखवल्यावर गाडी दोनदा खालीवर दाबून पाहून निदान झाले, "साहेब, शॉकअप गेलेत." दोन्ही शॉकअप बदलले, पैसे मोजले आणि घरी परतताना पहिल्याच गतिरोधकावर तीच कटकट पुन्हा ऐकली. दोष काहीशे रुपयांच्या लिंकचा होता. त्यानंतर हे काम मी स्वतः शिकून घेतले, आणि त्यात सर्वांत महत्त्वाचा भाग पाना फिरवण्याचा नसून आवाज नेमका कोणाचा हे ठरवण्याचा आहे, असे माझे मत झाले आहे. म्हणून या लेखात निदानाला थोडी जास्त जागा दिली आहे.

लिंक काय करते

गाडीच्या पुढच्या भागात आडवा बसवलेला, टोकांना वळवलेला स्प्रिंग स्टीलचा एक दांडा असतो. पुस्तकात त्याला स्टॅबिलायझर बार किंवा अँटी रोल बार म्हणतात, गॅरेजमध्ये बॅलन्स रॉड म्हणतात. मधल्या भागात तो दोन रबरी बुशांत, म्हणजे दांडा पकडणाऱ्या रबरी कड्यांत, धरलेला असतो आणि त्याची दोन टोके दोन चाकांच्या सस्पेन्शनला ज्या लहान दांड्यांनी जोडलेली असतात, त्या दांड्या म्हणजे स्टॅबिलायझर लिंक. आपल्याकडे सर्रास 'लिंक रॉड' हेच नाव चालते. बहुतेक गाड्यांत तिच्या दोन्ही टोकांना लहानसा बॉल जॉइंट (कपात फिरणारी गोळी), त्यावर रबरी बूट म्हणजे आवरण आणि बाहेर आलेला आट्यांचा स्टड असतो. काही गाड्यांत बॉलऐवजी रबरी बुश आणि लांब बोल्ट असतो.

दोन्ही चाके एकाच वेळी सारखी वर गेली, तर बार आपल्या बुशांत नुसता फिरतो, काहीच काम करत नाही. एकच चाक वर गेले किंवा घाटाच्या वळणावर गाडी एका अंगाला कलू लागली, की बार पिळला जातो आणि तो पीळ गाडीला कलू देत नाही. हा सगळा जोर लिंकमधून जातो. म्हणजे करूळ घाट उतरताना प्रत्येक वळणाला एक लिंक ओढली जाते आणि दुसरी दाबली जाते, पुढच्या वळणाला उलटे होते. बॉल त्याच्या कपात घट्ट असेपर्यंत हे निमूटपणे चालते. बूट फाटून आत पाणी आणि वाळू गेली की ग्रीस धुऊन जाते, बॉल झिजतो आणि दर हिसक्याला कपाच्या भिंतीवर आपटतो. आपण ऐकतो ती कटकट हीच.

एक अपवाद आधीच सांगून ठेवतो. जुन्या मारुती 800 मध्ये बारच लोअर आर्ममधून (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्यातून) जाऊन त्याला पुढे-मागे धरून ठेवतो, वेगळी लिंक नसते. तिथे आवाज आला तर बुश पाहावे लागतात आणि पुढे दिलेली पद्धत जशीच्या तशी लागू पडत नाही. काही लहान गाड्यांना हा बारच नसतो. उलट काही एसयूव्हींना तो मागच्या चाकांनाही असतो, तेव्हा आवाज मागून येत असेल तरी लिंकचा संशय घ्यायला हरकत नाही.

आवाज कोणाचा हे ठरवणे

सुरुवात डिकीपासून करावी. जॅक, व्हील पाना आणि स्टेपनी घट्ट आहेत ना हे पाहावे. या कारणाने गॅरेज गाठलेले लोक मी पाहिले आहेत. त्यानंतर रिकाम्या रस्त्यावर पूर्ण रुंदीचा एक गतिरोधक निवडावा, काचा खाली घ्याव्यात, रेडिओ बंद करावा आणि चालण्याच्या वेगाने त्यावरून आधी सरळ जावे. दोन्ही चाके एकदम चढतात, त्यामुळे लिंकवर फारसा ताण येत नाही. मग मागेपुढे कोणी नाही याची खात्री करून त्याच गतिरोधकावरून तिरके जावे, म्हणजे आधी एक आणि नंतर दुसरे चाक चढेल. सरळ जाताना शांत असलेली गाडी तिरके जाताना कटकट करू लागली, तर संशयाची सुई लिंककडे किंवा बारच्या बुशांकडे वळते. सरळ जातानाही 'धप्प' असा जाड आवाज येत असेल, तर शॉकअप, त्याचे वरचे माउंटिंग किंवा लोअर आर्मचे बुश यांचा विचार करावा. आवाज येत असताना ब्रेक पेडलवर हलकासा पाय ठेवावा. तेवढ्याने आवाज थांबला, तर बहुधा ब्रेक पॅड किंवा कॅलिपर सैल वाजत आहे.

दुसरी चाचणी हाताने करायची आहे. गाडी चारही चाकांवर सपाट जागी उभी असावी, इंजिन बंद आणि हँडब्रेक ओढलेला असावा. पुढचे चाक एका बाजूला वळवून त्यामागे हात घालता येतो. मुठीत लिंक धरून ती जोराने हलवावी. चांगली लिंक स्वतःभोवती थोडी फिरते, पण पुढे-मागे आणि वर-खाली अजिबात खडखडत नाही. मग दुसऱ्या माणसाला बॉनेटच्या कोपऱ्यावर हलके दाबून गाडी झुलवायला सांगावी आणि आपली बोटे लिंकच्या टोकावर ठेवावीत. झिजलेल्या जॉइंटची टकटक कानाआधी बोटांना कळते. ही चाचणी फक्त एक चाक जॅकवर उचलून करू नये, कारण तेव्हा बार पिळलेला असतो, लिंक ताणून धरलेली असते आणि तिचा सैलपणा लपून जातो. गॅरेजमध्ये बऱ्याचदा हीच चूक होते.

तरीही खात्री होत नसेल, तर शेवटचा उपाय म्हणजे दोन्ही बाजूंच्या लिंक पूर्ण काढून, बारची टोके कशाला घासत नाहीत हे पाहून गल्लीतल्या गल्लीत अगदी सावकाश एक फेरी मारणे. आवाज गेला, तर दोषी सापडला. या अवस्थेत गाडी वळणावर नेहमीपेक्षा जास्त कलते, म्हणून मुख्य रस्त्यावर जाऊ नये.

नवी लिंक घेताना

गाडीचे मॉडेल, वर्ष आणि इंधन सांगूनच लिंक घ्यावी आणि शक्य असेल तर जुनी काढून दुकानात सोबत न्यावी. लांबी, दोन्ही स्टडची दिशा आणि आट्यांचा आकार ही तीन गोष्टी काउंटरवरच जुळवून पाहाव्यात. काही गाड्यांत डावी आणि उजवी लिंक वेगळी असते. नव्या लिंकचा स्टड बोटांनी हलवला तर तो जडपणे आणि सगळ्या दिशांना सारखा हलला पाहिजे. बूट पातळ वाटत असेल, त्याची कडा वाकडी बसली असेल किंवा सोबत नवे नट नसतील, तर दुसरी कंपनी पाहावी. माझ्या मते कंपनीची अस्सल लिंक किंवा कारखान्यांना माल पुरवणाऱ्या नावाजलेल्या उत्पादकाची लिंक यांच्यात फरक फारसा नाही. सुट्या, बिनडब्याच्या लिंकशी मात्र दोन्हींची तुलना होऊ शकत नाही.

इथे कोल्हापूरकरांना एक गोष्ट वेगळी सांगावी लागते. उद्यमनगरात लेथवर काय वाट्टेल ते बनवून मिळते, आणि शिरोली-गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्यांत ओतलेले भाग देशभरच्या गाड्यांत जातात, याचा आपल्याला रास्त अभिमान आहे. त्याच अभिमानापोटी जुनी लिंक वेल्ड करून, बॉल भरून पुन्हा बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. उष्णतेने कपातले प्लास्टिक आणि ग्रीस जळते, आणि दर फेरीला ओढ-दाब खाणारा दांडा वेल्डच्या शेजारी तुटू शकतो. बुश लेथवर बनवून घेणे ही निराळी गोष्ट; लिंक मात्र नवीच घ्यावी.

दोन्ही बाजूंच्या लिंक एकदम बदलाव्यात असे म्हणतात आणि जुन्या गाडीत ते योग्यच आहे, कारण दोघींनी तेच रस्ते खाल्लेले असतात. परंतु वर्षभरापूर्वीच बदललेल्या जोडीतली एक खड्ड्यात आपटून गेली असेल, तर दुसरी केवळ नियमाखातर फेकण्याचे कारण नाही.

तयारी

लागणारी हत्यारे थोडी आहेत: जॅक, दोन मजबूत स्टँड, व्हील पाना, 14 ते 19 मिलिमीटरपर्यंतचे रिंग पाने आणि गोट्या (सॉकेट), 5 आणि 6 मिलिमीटरच्या ॲलन की, तारेचा ब्रश, गंज सोडवणारा स्प्रे, हॅक्सॉ, लॉक होणारी पक्कड, चष्मा आणि हातमोजे. टॉर्क पाना असेल तर उत्तम. एक जपून वापरलेला टॉर्क पाना सोसायटीतल्या पाच जणांना पुरतो.

कामाच्या आदल्या रात्री नट आणि आटे तारेच्या ब्रशने घासून त्यावर स्प्रे मारून ठेवावा, मात्र ब्रेक डिस्कवर तो उडू देऊ नये. या एका कामाने दुसऱ्या दिवशीचा निम्मा त्रास वाचतो.

गाडी काँक्रीटवर किंवा फरशीवर उभी करावी. मातीच्या अंगणात, विशेषतः पावसानंतर, जॅक खचतो. हँडब्रेक ओढावा, गाडी गिअरमध्ये ठेवावी आणि मागच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे लावावेत. व्हील नट चाके जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. नंतर पुढची बाजू उचलून मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी दोन्ही स्टँड लावावेत, गाडी त्यांवर टेकवावी आणि हाताने ढकलून ती हलत नाही हे पाहावे. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली पाच मिनिटांसाठीही शिरू नये. पुढची दोन्ही बाजू सारख्या उंचीवर उचलण्याचे आणखी एक कारण आहे: तशी उचलली की बारमधला पीळ निघतो आणि लिंक सैल होऊन सहज निघते. एकच बाजू उचलली, तर शेवटचा नट निघताच बार उसळून हाताला लागू शकतो.

लिंक काढणे

चाक काढल्यावर लिंक समोर दिसते. वरचे टोक बहुधा शॉकअपच्या नळीवरच्या कानाला (भोक असलेल्या पट्टीला) आणि खालचे बारच्या टोकाला असते. स्टडच्या टोकाला षटकोनी खाच असेल, तर त्यात ॲलन की घालून स्टड स्थिर धरायचा आणि रिंग पान्याने नट उलटा फिरवायचा. ॲलन कीने फक्त धरायचे आहे. तिच्याने जोर लावला की खाच गोल होते. काही लिंकना बूटाच्या मागे पातळ पान्यासाठी सपाट बाजू ठेवलेली असते, तिथे पातळ फिक्स पाना चालतो.

खाच गोल झाली, की नटाबरोबर बॉलही कपात गरगर फिरू लागतो आणि कितीही फिरवले तरी नट जागचा सुटत नाही. माझ्या पहिल्याच प्रयत्नात हे झाले होते. जुनी लिंक टाकूनच द्यायची असल्यामुळे अशा वेळी तिची दयामाया करू नये: बूट फाडून आतल्या स्टडचा दांडा पकडीने घट्ट लॉक करावा आणि नट फिरवावा. तेही न जमल्यास हॅक्सॉने स्टड कापावा. ग्राइंडरने काम लवकर होते, पण हातभर अंतरावर ब्रेकचा रबरी होज, एबीएसची तार आणि ड्राइव्ह शाफ्टचा बूट असतो, ठिणग्या त्यांवर पडतात. ग्राइंडर वापरायचाच असेल, तर ओले पोते मध्ये धरावे आणि चष्मा लावावा. गॅसच्या ज्योतीने नट तापवणे मात्र इथे सपशेल टाळावे, कारण शॉकअप आणि रबर दोन्ही त्या ज्योतीच्या टप्प्यात येतात.

काढलेली लिंक हातात आडवी धरून स्टड सोडून पाहावा. माझ्या गाडीची डावी लिंक अशी धरली, तेव्हा स्टड स्वतःच्या वजनाने दोरीला बांधलेल्या घंटीच्या टोल्यासारखा लटकला, आणि बूट दाबल्यावर ग्रीसऐवजी विटकरी पाणी आणि चिमूटभर वाळू बाहेर आली. शॉकअपवर खर्च झालेले पैसे त्या क्षणी फार जड वाटले.

चाक निघालेलेच आहे, तर बारचे बुश, लोअर आर्मचा बॉल जॉइंट, टाय रॉड एंडचा (स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या टोकाचा) बूट आणि ब्रेक पॅडची जाडी एकदा डोळ्यांखालून घालावी.

नवी लिंक बसवणे

शॉकअपवरच्या कानाची आणि बारच्या टोकाची, जिथे लिंकचा खांदा टेकणार आहे ती जागा, गंज आणि माती घासून स्वच्छ करावी. गंजाच्या थरावर नट आवळला, तर काही दिवसांनी तो थर दबतो, नट सैल होतो आणि नवीन लिंकही वाजू लागते. दोन्ही स्टड आपापल्या भोकांत घालून नट आधी हाताने तीन-चार आटे चढवावेत. भोक जुळत नसेल तर बार हाताने थोडा खालीवर करावा किंवा लोअर आर्मखाली छोटा जॅक हळूच लावावा; हातोडीने ठोकू नये, आटे जातात.

नट नवेच वापरावेत. त्यांत बहुधा नायलॉनची कडी असते आणि ती एकदाच नीट पकडते. ॲलन कीने स्टड धरून नट आवळत गेले, की खांदा कानाला घट्ट टेकतो, त्यानंतर स्टड फिरायचा थांबतो आणि पुढचे आवळणे टॉर्क पान्याने करता येते. नेमका टॉर्क गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधून घ्यावा. अनेक लहान गाड्यांत तो 40 ते 60 न्यूटन-मीटरच्या दरम्यान असतो. टॉर्क पाना नसेल त्याने अंदाजासाठी हिशेब लक्षात ठेवावा: 20 सेंटिमीटर लांब पान्याच्या टोकावर सुमारे 25 किलोचा जोर म्हणजे जवळपास 50 न्यूटन-मीटर. पान्याला पाइप लावून लोंबकळण्याची गरज कुठेच नाही. आवळून झाल्यावर बूट पिळलेला नाही ना, हे बोटाने फिरवून पाहावे.

तुमच्या गाडीत बॉलऐवजी रबरी बुशाची लिंक असेल, तर शेवटचे आवळणे चाके जमिनीवर टेकवून, गाडीचे वजन सस्पेन्शनवर आल्यावरच करावे. चाके लोंबकळत असताना आवळलेला बुश गाडी खाली येताच पिळला जातो आणि लवकर फाटतो.

चाके चढवून व्हील नट आडव्या-उभ्या क्रमाने, म्हणजे एका नटानंतर समोरचा, असे आवळावेत आणि गाडी जमिनीवर आल्यावर पुन्हा पूर्ण आवळावेत. मग त्याच गतिरोधकावरून, आधी सरळ आणि नंतर तिरके, गाडी नेऊन पाहावी. कटकट गेली असेल तर निदान बरोबर होते. थोडी उरली असेल, तर बहुतेक वेळा बारचे बुश किंवा अर्धवट आवळलेला नट कारणीभूत असतो. नवी लिंकच खराब निघण्याचा प्रसंग क्वचित येतो. पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर चारही नटांना एकदा पाना लावून पाहावा.

लिंक बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते, असे अनेक ठिकाणी सांगितले जाते. लिंक चाकाचा कोन ठरवत नाही. टाय रॉडला किंवा शॉकअपच्या बोल्टला हात लावला नसेल, तर केवळ लिंकसाठी अलाइनमेंटचा खर्च करण्याचे कारण नाही.

जपणूक

आजच्या बहुतेक लिंक बंद बनावटीच्या असतात, त्यांना ग्रीस भरायची सोय नसते. सुईने बूट टोचून ग्रीस भरणारे कारागीर भेटतात. त्या भोकातून पुढच्या पावसात पाणी आत जाते, म्हणून नको म्हणावे. ज्या लिंकला ग्रीस निपल असते, तिला मात्र सर्व्हिसच्या वेळी लिथियम ग्रीस द्यावे, बूट किंचित फुगेपर्यंतच, फुटेपर्यंत नव्हे.

आपल्याकडची आणखी एक सवय लिंकच्या मुळावर येते, ती म्हणजे पावसाळ्यानंतर गाडीच्या तळाला डिझेल किंवा जुने ऑइल फवारून घेणे. पत्र्याला त्याने गंजापासून थोडे संरक्षण मिळत असेल, पण रबर तेलाने फुगते आणि मऊ पडते. बुश आणि बूट दोन्हींचे आयुष्य त्यात जाते. प्रेशर वॉशचा झोतही बूटाच्या अगदी जवळ धरू देऊ नये.

किती किलोमीटरला लिंक बदलावी याचा ठरलेला आकडा नाही, रस्ता तो ठरवतो. ऊस हंगामात ट्रॉल्यांमुळे उखडलेल्या गावच्या रस्त्यांवर रोज जाणाऱ्या आणि शहरातून महामार्गाने पुण्याला जाऊन येणाऱ्या अशा एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांत खूप फरक पडतो. ऑगस्ट 2019 आणि जुलै 2021 च्या महापुरात पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गावर आले होते. अशा पाण्यात चाके बुडालेली गाडी वरून कोरडी झाली तरी तिच्या बुटांत पाणी साचून राहू शकते, म्हणून पाणी ओसरल्यावर महिनाभरात लिंक हलवून पाहावी.

एरवी प्रत्येक सर्व्हिसला आणि वर्षातून एकदा पावसाळा संपल्यावर एवढीच तपासणी पुरते. मी ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी करतो, कारण पूजेसाठी गाडी धुऊन चाके स्वच्छ केलेली असतात आणि हत्यारेही बाहेर काढलेली असतात. बूटावर तडा आहे का हे बॅटरीच्या उजेडात पाहायचे, लिंक मुठीत धरून हलवायची, आणि किलोमीटरचा आकडा सर्व्हिस पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर तारखेसह लिहायचा. जुनी डावी लिंक मी हत्यारांच्या पेटीतच ठेवली आहे. तपासताना सैल म्हणजे नेमके किती सैल, अशी शंका आली की तिचा लोंबता स्टड एकदा हलवून पाहतो.